नवव्या सीझनमधली खाट

मंगळवारी सकाळी पुरुषोत्तमराव ठोसरांच्या छातीत कळ आली आणि त्यांना एका परदेशी मालिकेत दाखल करण्यात आलं.

निर्णय अँब्युलन्सवाल्याचा. जवळपासच्या एकाही दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. त्यानं जिन्यातूनच इथे फोन लाव, तिथे फोन लाव असं केलं, बरेचदा मान हलवली, आणि मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

"एक खाट आहे," तो म्हणाला. "मालिकेत. नववा सीझन चालू आहे. चालेल?"

न चालायला काय झालं? कालिंदीबाईंच्या तर जिवात जीव आला. ती मालिका म्हणजे त्यांच्या घरचंच कार्य होतं. आणीबाणीच्या वॉर्डात घडणारी, धावपळीची, रक्ताची आणि मधूनमधून प्रेमाची अशी ती मालिका पहिल्या भागापासून मराठीत येत होती, आणि तिच्यातल्या उंच, सोनेरी केसांच्या डॉक्टर इंग्रिडला मराठी आवाज होता तो कालिंदीबाईंचा. इंग्रिडचं तोंड त्यांना स्वतःच्या तोंडापेक्षा जास्त ठाऊक होतं. ती रागावली की खालचा ओठ आधी हलतो, खोटं बोलताना डावा कोपरा वर जातो, हे सगळं पाठ. अशा बाईच्या हाती नवरा सोपवायला कुणाला वाईट वाटेल?

एकच गोष्ट मनाला टोचत होती. त्या मालिकेत जे पेशंट एकाच भागापुरते येतात, त्यांतले निम्मे दगावतात. कथानकाला गरज असते.

"नातेवाइकांना आत सोडत नाहीत," अँब्युलन्सवाल्यानं सांगितलं. "तुम्ही सरळ स्टुडिओत जा. तिथून दिसतील तुम्हाला."

स्ट्रेचरवरून जाताना पुरुषोत्तमरावांनी चष्मा काढून कालिंदीबाईंच्या हातात दिला. चष्म्याचं दुकान चालवण्यात आयुष्य गेलेला माणूस, पण स्वतःच्या चष्म्याची काडी कायम सैल. "अगं, दूध वर आलं असेल, गॅस बंद कर," एवढंच ते बोलले. गाडी सिग्नलला डावीकडे वळली. वळता वळता तिच्या भोंग्याचा सूर बदलून परदेशी झाला आणि गाडी दिसेनाशी झाली. कालिंदीबाईंनी वर जाऊन गॅस बंद केला, चष्मा पर्समध्ये टाकला आणि रिक्षा केली.

स्टुडिओ होता सदाशिव पेठेतल्या एका इमारतीच्या तळघरात. एक काचेची भिंत, तिच्या अलीकडे ध्वनिमुद्रक जयसिंग आणि त्याची बटणं, पलीकडे बोलणाऱ्यासाठी छोटीशी खोली. खोलीत एक माईक, एक पडदा, एक उंच स्टूल. जयसिंग कोल्हापूरकडचा, पन्नाशीचा, कानावरचे हेडफोन सहसा न काढणारा.

"मॅडम, आज पेशंट आपले साहेब हायत वाटतं," तो म्हणाला.

"हो. सकाळीच नेलं."

"बरं झालं. चांगल्या ठिकाणी पडले."

पडद्यावर पुरुषोत्तमराव होते. पांढऱ्या दिव्याखाली, उघड्या छातीवर तारा लावलेले, अंगात घरचाच पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. भोवती हिरव्या कपड्यांतले लोक हात वर करून उभे होते आणि इंग्रिड वाकलेली होती. कुणीच हलत नव्हतं. चित्र थांबलेलं होतं, कारण त्याला अजून आवाज मिळाला नव्हता.

डबिंगच्या धंद्यातला पहिला आणि शेवटचा नियम असा, की ओठ बसले पाहिजेत. पडद्यावरचं तोंड उघडलं की आपला शब्द सुरू, मिटलं की शब्द संपला. अर्थ मागाहून येतो, आला तर. ज्यानं या मालिकेचं मराठी केलं त्या शहाण्या माणसानं म्हणूनच पहिल्या भागातच ठरवून टाकलं होतं, की डॉक्टरी संक्षेप जसेच्या तसे ठेवायचे. सीबीसी, एबीजी, केम-सेव्हन, व्ही-फिब. मूळ तोंडात तेच असतात, त्यामुळे ओठ आपसूक बसतात. कालिंदीबाईंनी इतकी वर्षं हे शब्द असे काही फेकले होते, की ऐकणाऱ्याची छाती दडपावी. त्यांचा अर्थ काय, याची त्यांना काडीचीही कल्पना नव्हती. सोसायटीत मात्र त्यांना अर्धी डॉक्टर मानत. एकदा डोंगरेवहिनींना ताप आला तेव्हा कालिंदीबाईंनी ठणकावून सांगितलं होतं, "उगाच अंगावर काढू नका, एकदा डीओए करून घ्या." डीओए म्हणजे दवाखान्यात पोचण्याआधीच मेलेला माणूस, हे वहिनींच्या मुलानं त्यांना नंतर समजावलं. जरा तुसडेपणानंच.

"घेऊया?" जयसिंगनं विचारलं आणि लाल दिवा लावला.

इंग्रिडचं तोंड उघडलं. कालिंदीबाई म्हणाल्या, "सीबीसी, केम-सेव्हन, एबीजी. स्टॅट!"

"बसलं. ओके."

ओके म्हटल्याबरोबर पडद्यावरची माणसं हलली. एका नर्सनं पुरुषोत्तमरावांच्या दंडात सुई खुपसली, दुसरीनं मनगटात. ते कळवळले. आणि "स्टॅट" या शब्दासरशी सगळ्यांचा वेग वाढला, इतका की स्टुडिओतला पंखादेखील भराभरा फिरायला लागला. मग सगळं पुन्हा थांबलं, पुढच्या ओळीची वाट बघत. बोलायच्या खोलीच्या भिंती तेवढ्यात वीतभर आत आल्या. ते दोघांनाही दिसलं, पण ओळी बऱ्याच बाकी होत्या.

"जयसिंग, एबीजी म्हणजे काय रे?"

"काय की मॅडम. पण ओठ बसत्यात."

"तसं नाही. मी बोलले आणि त्यांच्या मनगटात सुई गेली."

"मग सुईचंच काय तरी असणार."

कालिंदीबाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यावर पुढचे संवाद होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्या ते वाचताना घाबरल्या. एवढे दिवस त्या अंधारात दगड मारत होत्या आणि लोक टाळ्या वाजवत होते. आज समोर नवरा होता.

पुढच्या दोनचार ओळी निभावल्या. "आयव्ही लाइन टाका," म्हटल्यावर सलाइन लागलं. "बीपी पडतंय," म्हटल्यावर बीपी पडलं, आणि हे मात्र त्यांच्या मनाला लागलं, कारण त्या बोलेपर्यंत ते पडलेलं नव्हतं. त्यांनी काचेतून जयसिंगला विचारलं, ही ओळ गाळता आली असती का? तो म्हणाला, तोंड उघडलेलं आहे मॅडम, काहीतरी भरावंच लागणार.

मग ती शॉकची ओळ आली.

इंग्रिडनं दोन्ही हातांत त्या इस्त्रीसारख्या दिसणाऱ्या तबकड्या घेतल्या होत्या. कागदावर होतं, "व्ही-फिब. बाजूला व्हा, शॉक द्या." कालिंदीबाईंनी ओळ झोकात घेतली, पण मराठी संपलं तरी इंग्रिडचं तोंड अजून थोडं हलत होतं. अशा वेळी डबिंगवाला माणूस काय करतो? उरलेल्या ओठांत काहीतरी कोंबतो. "बरं का", "लवकर", "ऐकलं ना" असलं. ही सवय हाडीमाशी खिळलेली असते, डोक्याला विचारत नाही. कालिंदीबाईंच्या तोंडून निघून गेलं, "परत एकदा."

"क्या बात है," जयसिंग म्हणाला. "बसलं. ओके."

पुरुषोत्तमराव खाटेवरून उडाले. खाली आदळले. इंग्रिडनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि तबकड्या पुन्हा टेकवल्या. ते परत एकदा उडाले.

"अरे थांबव!" कालिंदीबाई किंचाळल्या. "ते भरतीचं होतं! ते मूळ ओळीत नव्हतं!"

"ओके झालंय मॅडम. आता काय करणार?"

पहिल्या झटक्यानं मॉनिटरवरची वेडीवाकडी रेघ नीट चालायला लागली होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या झटक्यानं ती आडवी झाली. इंग्रिड मॉनिटरकडे बघत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला जे सांगितलं ते तिनं केलं होतं. स्टुलावर बसवेना म्हणून कालिंदीबाई उभ्या राहिल्या, तर खांदे दोन्ही भिंतींना लागले.

पर्समधला फोन वाजला. डोंगरेवहिनी होत्या. "ऐकलं मी. पण तुम्ही आहात ना तिथे, म्हणून काळजी नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सगळं कळतं." कालिंदीबाईंनी फोन बंद केला आणि पदरानं डोळे पुसले.

"पुढची ओळ काय आहे?" जयसिंगनं विचारलं.

त्यांनी कागद पाहिला. पान संपत आलं होतं. अगदी खाली एकच शब्द होता. सूचना अशी होती, की डॉक्टर इंग्रिड मास्क खाली ओढते, पेशंटच्या चेहऱ्याजवळ वाकते आणि त्याला नावानं हाक मारते. आणि पुढे ते नाव.

"पुरुषोत्तम," जयसिंगनं आपल्या प्रतीवरून वाचलं. "सोप्पं हाय. एका टेकमधी होईल."

आता हे कुणाला सांगून पटायचं नाही, पण पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. माईकसमोर या बाईनं काय म्हटलं नव्हतं? शिव्या दिल्या होत्या, परपुरुषांवर प्रेम केलं होतं, तीन वेळा खून केला होता. घरी मात्र "अहो". बाजारात हरवले तरी "अहो", आणि गर्दीतून दहा जणांनी मागे वळून पाहिलं तरी "अहो"च. बँकेत साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं तर त्या पासबुक पुढे करायच्या. लहानपणी आजोळी कुणीतरी सांगितलं होतं, की बाईनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. यावर आपला विश्वास नाही, असं त्या चारचौघांत हसून सांगत. पण घेत नव्हत्या.

"चला मॅडम," जयसिंग म्हणाला. लाल दिवा लागला.

इंग्रिडनं मास्क खाली ओढला. वाकली. तिचे ओठ घट्ट मिटले, मग उघडले, गोल झाले, पुन्हा मिटले.

"अहो!" कालिंदीबाई म्हणाल्या.

"नाही बसलं. सुरुवातीला ओठ मिटत्यात, शेवटाला मिटत्यात. अहोला ओठ मिटतच न्हाईत. परत."

चित्र मागे गेलं. नर्सेस मागे सरकल्या, इंग्रिड ताठ झाली, तिचा मास्क वर चढला. पुरुषोत्तमराव मात्र मागे गेले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम होता तो तसाच राहिला, आणि ओठ मघापेक्षा निळसर दिसायला लागले. कालिंदीबाईंनी ते पाहिलं. प्रत्येक टेकला सगळा वॉर्ड पूर्वपदावर येणार होता, एक पेशंट सोडून.

दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "अहो, उठा बघू!"

"न्हाई."

तिसऱ्यांदा, "ठोसर! ठोसर!"

"मॅडम, असं काय करताय? साहेबांची नखं बघा."

नखं जांभळी झाली होती. कालिंदीबाईंना हुंदका फुटला. "मला येत नाही रे," त्या म्हणाल्या. "तोंडात येतं आणि परत जातं."

"लग्नात घेतलंच असंल की."

लग्नात घेतलं होतं. उखाण्यात. तो त्यांना अजून पाठ होता, आणि दुसरं काहीच सुचत नसल्यामुळे त्यांनी डोळे मिटून तो म्हणून दाखवला:

"नाकावरती चष्मा, काच कशी लख्ख,
पुरुषोत्तमरावांचं नाव घ्यायचा माझाच हक्क."

जयसिंगला आवडला. पण त्यानं मान हलवली. "एवढं मावणार न्हाई. तोंड बघा किती हाय. मास्क असता तर अख्खा बसवला असता, मास्कमागं काय पण बसतंय. पण ह्या बाईनं नेमका आत्ताच काढलाय. आणि राव पण नको. नुसतं पुरुषोत्तम."

नुसतं.

तेवढंच तर अवघड होतं. त्यांना नुसतं पुरुषोत्तम कोण म्हणत होतं? दुकानात ते ठोसरकाका. मित्रांमध्ये पुरू. व्याह्यांना पुरुषोत्तमराव. अख्खं नाव, मागेपुढे काही न लावता घेणारं एकच माणूस होतं, त्यांची आई. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण असेपर्यंत त्या रोज जेवणाच्या वेळी गॅलरीत उभ्या राहून खालच्या दुकानाच्या दिशेनं हाक घालायच्या. मुलगा मोठा दुकानदार झाला, डोक्यावरचे केस गेले, तरी हाक तीच. पहिलं अक्षर आपटलेलं, शेवटचं लांबवलेलं. आणि खालून उत्तर यायचं, मग जिन्यात चपला वाजायच्या.

पडद्यावर कुणीतरी घड्याळाकडे बघितलं. कालिंदीबाईंना ती नजर ओळखीची होती. ती दिसली की पुढच्या ओळीत इंग्रिड मृत्यूची वेळ जाहीर करते. ती ओळसुद्धा त्यांनीच शेकडो वेळा म्हटली होती, आणि सुंदर म्हटली होती.

"घे," त्या म्हणाल्या.

खोली आता इतकी अरुंद झाली होती, की माईक थेट ओठांना टेकत होता. त्याची जाळी गार लागत होती. आयुष्य कमी होणार असेल तर होवो, त्यांना वाटलं, पण आधी असू तर दे. काय वाटेल ते होऊ दे, मला हा माणूस घरी पाहिजे. आमटीला मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायला पाहिजे, पेपर आधी वाचून तो विस्कटून ठेवायला पाहिजे.

लाल दिवा लागला. इंग्रिडनं मास्क ओढला, वाकली, तिचे ओठ मिटले. आणि नेमकं त्या क्षणी कालिंदीबाईंच्या लक्षात आलं, की हे नाव घ्यायचा त्यांच्याजवळ स्वतःचा असा सूरच नाही. इतक्या वर्षांत कधी लागलाच नव्हता. कानात होता तो एकच. विचार करायला वेळ नव्हता, ओठ उघडले होते.

"पुरुषोत्तऽम!"

गॅलरीतून घालावी तशी हाक आली. पहिलं अक्षर आपटलेलं, शेवटचं लांबवलेलं. इंग्रिडचे ओठ शेवटच्या अक्षरावर मिटले ते तंतोतंत.

जयसिंगनं हेडफोन काढले. "बसलं," तो हळूच म्हणाला. "मॅडम, केसाचाही फरक न्हाई. ओके."

मॉनिटरवरच्या रेघेनं एक उडी मारली. मग थांबून आणखी एक. नखांमधला जांभळा रंग उतरला. नर्सेस एकमेकींकडे बघायला लागल्या. कालिंदीबाईंनी काचेवर दोन्ही हात ठेवले, आणि त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं. "अहो," त्या म्हणाल्या, पण माईक बंद होता.

पुरुषोत्तमरावांनी डोळे उघडले. चष्म्याशिवाय त्यांना फारसं दिसत नसे. त्यांनी डोळे बारीक करून वर वाकलेल्या इंग्रिडच्या चेहऱ्याकडे पाहिलं, निरखून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की कालिंदीबाईंनी ते उभ्या संसारात बघितलं नव्हतं.

"आलो गं आई," ते म्हणाले.

आवाज त्यांचाच होता. कुणी दिला नव्हता, कुठून ध्वनिमुद्रितही झाला नव्हता.

"ही ओळ कागदावर न्हाई," जयसिंग म्हणाला.

पुरुषोत्तमरावांनी छातीवरच्या तारा एकेक करून उपटल्या, जेवायला बसण्याआधी माणूस घड्याळ काढून ठेवतो तशा, आणि व्यवस्थित उशीवर ठेवल्या. ते उठून बसले. एक पाय खाटेखाली सोडला आणि अंगठ्यानं जमिनीवर चपला चाचपायला लागले. नर्सेसनी वाट करून दिली. वॉर्डाच्या टोकाला एक दार होतं, ते मघाशी नव्हतं. त्यातून जिना दिसत होता. जिना वर जात होता.

"आई, जेवायला बसायचं का लगेच? का आणखी वेळ आहे?" त्यांनी विचारलं आणि उत्तरासाठी इंग्रिडकडे मान वळवली.

जयसिंगनं लाल दिवा लावला. कालिंदीबाईंनी कागद उलटला. मागची बाजू कोरी होती.

पडद्यावर डॉक्टर इंग्रिडनं तोंड उघडलं.